एकच फोटो, दोन रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, ऑफिसात, मित्रांच्या ग्रुपवर एखादा फोटो येतो. एक जण म्हणतो निळा, दुसरा म्हणतो पांढरा, आणि वाद सुरू होतो. मग असे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न एकातच घेतले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एकाच फोटोत दोघांना वेगळे रंग दिसणं खरंच शक्य आहे का? की एक जण मुद्दाम काहीतरी सांगतोय?

शक्य आहे, आणि बहुतेक वेळा दोघंही जे दिसतं तेच सांगत असतात. हे सुरुवातीलाच ठामपणे सांगतो, कारण या वादात लोक एकमेकांना खोटं पाडतात आणि ते फार अन्यायाचं आहे.

डोळ्यापर्यंत पोचतो तो फक्त प्रकाश. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: वस्तूचा स्वतःचा रंग आणि तिच्यावर पडलेल्या उजेडाचा रंग. या दोन गोष्टी सुट्या करण्याचं काम मेंदू करतो, आणि ते अंदाजाचं काम आहे. उजेडाबद्दल दोघांच्या मेंदूंनी वेगळा अंदाज बांधला, तर वस्तूचा रंगही वेगळा निघतो.

याशिवाय फरक कॅमेऱ्यात पडू शकतो (प्रश्न ९), स्क्रीनवर पडू शकतो (प्रश्न ८), डोळ्यांत पडू शकतो (प्रश्न १० ते १२) किंवा नुसता रंगाच्या नावात असू शकतो (प्रश्न १४). पण एकाच फोनवर, शेजारी शेजारी बसून बघतानाही एकमत होत नसेल, तर आधी मेंदूच्या अंदाजाकडे बघावं.

२. त्या गाजलेल्या ड्रेसचा खरा रंग शेवटी कोणता होता?

निळा आणि काळा. स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने घेतलेल्या ड्रेसचा तो फोटो फेब्रुवारी २०१५ मध्ये टम्बलर या सोशल मीडिया साइटवर आला आणि दोन दिवसांत जगभर पसरला. काहींना ड्रेस निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीनेच तो निळा-काळा असल्याचं सांगितलं. पांढरा-सोनेरी प्रकार तेव्हा त्यांच्याकडे विक्रीला नव्हताच.

त्याच वर्षी संशोधक रोझा लेफर-सूसा, कॅथरीन हरमन आणि बेविल कॉनवे यांनी १,४०१ लोकांना तो फोटो दाखवून रंग विचारले. ५७ टक्क्यांनी निळा-काळा सांगितला, ३० टक्क्यांनी पांढरा-सोनेरी, ११ टक्क्यांनी निळा-तपकिरी. उरलेल्यांना आणखी काही दिसलं. म्हणजे दोनच तट होते हेही पुरतं खरं नाही.

३. डोळ्यात प्रकाश एकच येतो, मग उत्तरं दोन कशी?

एक छोटं गणित घ्या. 'दोन संख्यांचा गुणाकार बारा आहे, त्या संख्या सांगा.' कोणी तीन आणि चार म्हणेल, कोणी दोन आणि सहा. दोन्ही बरोबर. डोळ्यासमोर हेच गणित सतत असतं. उजेड आणि वस्तू यांचा गुणाकार तेवढा हाती येतो आणि वस्तू ओळखायची असते.

एरवी हे गणित आपण इतक्या सफाईने सोडवतो की ते चालू आहे हेच कळत नाही. पांढरा कागद दुपारी अंगणात पाहा, मग रात्री पिवळ्या बल्बखाली पाहा. उजेडाचा रंग केल्विन या एककात सांगतात. जुन्या पद्धतीच्या बल्बचा उजेड सुमारे २,७०० केल्विनचा, म्हणजे चांगलाच नारिंगी. भर दिवसाचा उजेड साधारण ५,५०० ते ६,५०० केल्विनचा, त्यामानाने निळसर. कागदावरून डोळ्यात येणारा प्रकाश दोन्ही वेळा पूर्ण वेगळा असतो, तरी कागद आपल्याला पांढराच वाटतो. मेंदूने उजेडाचा वाटा वजा केलेला असतो. याला रंगस्थैर्य म्हणतात.

ही जाणीव नवी नाही. फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज यांनी १७८९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एक प्रयोग मांडला होता. लाल काचेतून लाल कागद पाहिला तर तो गडद लाल दिसायला हवा. प्रत्यक्षात तो फिकट, जवळपास पांढरा वाटतो. सगळं दृश्यच लाल झालं की मेंदू तो लाल उजेडाच्या खात्यात टाकतो. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा गोष्टींना नकळत काढलेला निष्कर्ष म्हटलं. मला तरी याहून नेमका शब्द सापडलेला नाही. आपण रंग बघतो असं म्हणतो. खरं तर आपल्याला नकळत निघालेलं उत्तर तेवढं दिसतं.

४. हे रोज नीट चालतं, तर त्या ड्रेसच्या वेळीच काय बिनसलं?

त्या फोटोत उजेडाचे पुरावेच अपुरे होते. पार्श्वभूमीला झगझगीत उजेड, ड्रेस जवळून घेतलेला, आजूबाजूला चेहरा नाही, हात नाही, ओळखीची वस्तू नाही. फोटो गरजेपेक्षा उजळ झालेला. त्यामुळे दोन कथा सारख्याच पटण्याजोग्या झाल्या.

पहिली कथा: उजेड मागून येतोय, ड्रेस सावलीत आहे. सावलीतला उजेड निळसर असतो. तो निळसरपणा वजा केला की कापड पांढरं उरतं आणि काठ सोनेरी.

दुसरी कथा: ड्रेसवर समोरून भरपूर पिवळसर उजेड पडला आहे. तो वजा केला की कापड निळं आणि काठ काळे.

हे अनुमान तपासूनही पाहिलं गेलं. वर सांगितलेल्या अभ्यासात तोच ड्रेस अशा दृश्यात बसवून दाखवला, की उजेड उबदार आहे की थंड हे स्पष्ट कळावं. तेव्हा लोकांची उत्तरं उजेडाप्रमाणे एका बाजूला झुकली. पुरावा मिळाला आणि वाद ओसरला.

५. मग एका माणसाचा मेंदू पहिली कथा का निवडतो आणि दुसऱ्याचा दुसरी का?

याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही, पण काही धागे हाती आहेत. संशोधक पास्कल वॉलिश यांनी २०१७ मध्ये १३,००० हून अधिक लोकांची उत्तरं मांडली. ज्यांना ड्रेस सावलीत आहे असं वाटत होतं, त्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याची शक्यता बरीच जास्त होती. हे प्रश्न ४ मधल्या पहिल्या कथेशी जुळतं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पहाटे लवकर उठणाऱ्यांचा कल थोडा पांढरा-सोनेरीकडे, रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांचा थोडा निळा-काळाकडे. कारण असं सुचवलं गेलं: लवकर उठणारे आयुष्यात दिवसाचा उजेड जास्त पाहतात, तर रात्री जागणारे दिव्याचा पिवळसर उजेड जास्त पाहतात. ज्याची सवय, तोच उजेड मेंदू गृहीत धरतो. ही कल्पना मला मनापासून आवडते, पण फरक लहान आहे. 'तुला पांढरा दिसला म्हणजे तू लवकर उठणारा' असं एकेका माणसाबद्दल म्हणता येत नाही.

जुळ्यांवरच्या एका अभ्यासात जनुकांचा वाटा साधारण एक तृतीयांश निघाला. उरलेलं परिस्थितीवर आणि अनुभवावर.

६. भांडण नेहमी निळा-पांढरा-पिवळा यांवरूनच का होतं? लाल-हिरव्यावरून का नाही?

कारण नैसर्गिक उजेड याच पट्ट्यात बदलतो. पहाट, दुपार, ढगाळ आकाश, झाडाची सावली, मावळतीचं ऊन, या सगळ्यांत उजेड निळसर ते पिवळसर अशी ये-जा करतो. हिरवा किंवा जांभळा उजेड निसर्गात क्वचितच अंगावर पडतो. त्या ड्रेसमधले रंग मोजले तेव्हा ते नेमके दिवसाच्या उजेडाच्या याच पट्ट्यात पडले. म्हणून तो निळसरपणा कापडाचा की उजेडाचा हे ठरवणं अवघड झालं.

यातही एक गंमत आहे. निळसर छटा आपण पिवळसर छटेपेक्षा सहज उजेडाच्या माथी मारतो, कारण सावल्या निळसर असतात. संशोधकांनी फोटोतले रंग उलटे केले, म्हणजे निळ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या. लगेच मतभेद जवळजवळ नाहीसा झाला. सगळ्यांना पिवळा तो पिवळाच दिसला.

लाल-हिरव्यावरून भांडण होत नाही असं मात्र नाही. त्यासाठी उजेड मुद्दाम विचित्र करावा लागतो. प्रश्न १५ पाहा.

७. मी कलर पिकरने पिक्सेलचा रंग तपासला. तो निळसर निघाला. म्हणजे मी जिंकलो ना?

नाही. पिकर सांगतो तो त्या ठिकाणी स्क्रीनमधून बाहेर पडणारा प्रकाश. वाद चालला आहे कापडाच्या रंगाचा. प्रश्न ३ मधल्या गणितात पिकर तुम्हाला बारा हा आकडा अचूक देतो, पण ते तीन गुणिले चार आहेत की दोन गुणिले सहा, हे तो सांगू शकत नाही.

त्या ड्रेसच्या फोटोत पिकरला फिकट निळसर आणि तपकिरी पिक्सेल मिळतात. पांढरे मिळत नाहीत, काळेही मिळत नाहीत. तेव्हा पिकरच्या हिशेबाने दोन्ही तट अर्धे-अर्धे हरतात.

तपकिरीचंच बघा. इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. गडद नारिंगी प्रकाशाभोवती त्याहून उजळ काही असेल, तर तो तपकिरी वाटतो. अंधाऱ्या खोलीत तोच ठिपका एकटा दाखवला, तर तो नारिंगी वाटतो. म्हणजे हा रंग शेजारच्या रंगांवर उभा आहे. पिकर एक पिक्सेल उचलतो, तेव्हा नेमका शेजार गळून पडतो.

८. माझ्या फोनवर एक रंग, तिच्या फोनवर दुसरा. मग सगळा दोष स्क्रीनचा नाही का?

अशा वेळी बराचसा स्क्रीनचा असू शकतो. आधी हे तपासा: रात्रीचा पिवळसर मोड चालू आहे का, खोलीच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग आपोआप बदलणारी सोय चालू आहे का, आणि दोन्ही फोनचा ब्राइटनेस सारखा आहे का. काही स्वस्त लॅपटॉपचे पडदे वरून-खालून पाहिले तर रंगच बदलतात; तिथे स्क्रीन थोडी कलती केली तरी उत्तर बदलतं.

आणखी एक छुपं कारण आहे. नवे फोन एसआरजीबी या स्क्रीनवरच्या रंगांच्या जुन्या मानकापेक्षा जास्त भडक रंग साठवू आणि दाखवू शकतात. अशा फोटोसोबत रंग कसे वाचायचे याची माहिती फाइलमध्ये जोडलेली असते. पाठवताना एखाद्या अ‍ॅपने ती माहिती काढून टाकली, तर समोरच्याकडे फोटो मरगळलेला दिसतो. फाइल तीच वाटते, पण तिचा अर्थ लावण्याची सूचना वाटेत हरवलेली असते.

तपासायची सोपी पद्धत: दोघांनी मिळून एकच फोन बघा. एकमत झालं तर दोष स्क्रीनचा होता. नाही झालं तर प्रश्न ३ आणि ५.

९. कॅमेरा तरी खरं सांगतो ना?

कॅमेराही अंदाजच बांधतो, आणि आपल्या आधी बांधतो. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही रचना १९७० च्या दशकातली. यात एका लाल आणि एका निळ्या चौकोनामागे दोन हिरवे असतात. प्रत्येक ठिकाणी एकच रंग मोजला जातो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात.

मग व्हाइट बॅलन्स. दृश्यात पांढरं काय असावं हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि सगळा फोटो त्याप्रमाणे सरकवतं. खिडकीतून दिवसाचा उजेड आणि वर पिवळा दिवा, असा मिश्र उजेड असेल तर ते हमखास गोंधळतं. आधी कॅमेऱ्याने चुकीचा उजेड वजा करायचा, मग त्या निकालातून आपल्या मेंदूने पुन्हा उजेड वजा करायचा. गोंधळ न झाला तरच नवल.

१०. ज्याला वेगळा रंग दिसतो तो रंगांधळा असतो का?

ड्रेससारख्या फोटोत, नाही. दोन्ही तटांत पूर्ण निरोगी रंगदृष्टीची माणसं होती.

रंगांधळेपणा ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात. (प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवर ठरतो; ती नॅनोमीटरमध्ये मोजतात.) यातला एखादा प्रकार नसतो किंवा बदललेला असतो, तेव्हा काही रंगांतला फरक कळत नाही. लाल-हिरव्याचा घोटाळा सर्वांत जास्त आढळतो. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत कितीतरी जास्त असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के पुरुष आणि ०.५ टक्का स्त्रिया असं प्रमाण सांगितलं जातं.

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःच्याच रंगदृष्टीचं वर्णन केलं. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा असं त्यांना वाटे, म्हणून मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी त्यांची इच्छा होती. तपासले, तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यांतल्या डीएनएची १९९५ मध्ये तपासणी झाली आणि मधल्या, म्हणजे हिरव्याला दाद देणाऱ्या शंकुपेशींचं रंगद्रव्य त्यांच्यात नव्हतं हे कळलं. दोनशे वर्षांनी त्या माणसाला उत्तर मिळालं.

शंका असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे इशिहारा चाचणी करून घ्या. ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखण्याची ही चाचणी १९१७ पासून वापरात आहे. फोनवर आलेल्या तिच्या चित्रांवर विसंबू नका. का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

११. पण रंगांधळे नसलेल्या दोघांचे डोळे तरी अगदी सारखे असतात का?

नसतात, आणि फरक थक्क करणारा आहे. दीर्घ आणि मध्यम तरंगलांबीच्या शंकुपेशींचं प्रमाण काहींत जवळपास समसमान, तर काहींत सोळास एक इतकं आढळलं आहे, तेही सामान्य रंगदृष्टी असलेल्यांत. तरीही 'ना लाल, ना हिरवा, शुद्ध पिवळा दाखवा' म्हटलं की सगळे जवळपास एकाच जागी बोट ठेवतात. डोळ्यातली उणीव-अधिक मेंदू आयुष्यभर जुळवून घेत असतो.

शुद्ध हिरवा विचारला तर मात्र पांगापांग होते. कोणी ४९० नॅनोमीटरजवळ, तर कोणी थेट ५५० च्या आसपास. हिरवा आणि निळा यांच्या सीमेवर होणारे वाद याच्याशीही जोडलेले असू शकतात, आणि प्रश्न १४ शीही.

१२. आजीला गडद निळा आणि काळा यात फरक कळत नाही. वयामुळे असं होतं का?

होतं. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. गडद निळा-काळा, फिकट पिवळा-पांढरा या जोड्या ओळखायला त्रास होतो, विशेषतः कमी उजेडात. बदल इतका हळू असतो की मेंदू जुळवून घेतो आणि माणसाला स्वतःला काही जाणवत नाही. म्हणून आजीला सारखं दुरुस्त करत बसू नका. तिला जे दिसतं ते ती बरोबरच सांगते आहे. तिच्या बसण्याच्या जागी चांगला उजेड करा आणि डोळे तपासून घ्या.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की हाच फरक एका दिवसात उघड होतो. अनेकांना सगळं निळसर आणि लख्ख वाटतं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मेंदू नवा पांढरा रंग पुन्हा ठरवतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची अशी शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, आणि नंतर रंग फार निळे किंवा फार पिवळे दिसतात अशा त्यांच्या तक्रारी होत्या.

१३. मला काल एक रंग दिसला, आज दुसरा. ठरवून बदलता येतो का?

काहींचा आपोआप बदलतो, पण बहुतेकांचं एकदा ठरलं की ठरतं. नुसत्या इच्छेने सहसा बदलत नाही. परिस्थिती बदलून प्रयत्न करता येतो: फोटो फार लहान करून बघा, पार्श्वभूमी झाकून बघा, अंधारात बघून मग लख्ख उजेडात बघा. ड्रेस सावलीत लटकला आहे अशी कल्पना करून काही वेळ बघा, मग तो पिवळ्या दिव्यासमोर आहे अशी. बदलला नाही तरी तुमच्यात काही कमी आहे असं नाही.

१४. आम्हाला रंग सारखाच दिसतोय, पण मी हिरवा म्हणतो आणि बायको निळा म्हणते. हाही तोच प्रकार का?

हा बहुधा शब्दांचा वाद आहे. मोरपंखी घ्या. कोणी त्याला हिरव्यात टाकतं, कोणी निळ्यात. आमसुली लालात मोडतो की जांभळ्यात? आकाशीला निळा म्हणायचं की तो वेगळाच? प्रत्येक जण लहानपणी घरात जे ऐकतो त्याप्रमाणे सीमा आखतो.

भाषेचा परिणाम मोजलाही गेला आहे. रशियन भाषेत फिकट निळ्याला आणि गडद निळ्याला दोन स्वतंत्र मूळ शब्द आहेत. २००७ च्या एका प्रयोगात दोन छटा या सीमेच्या दोन बाजूंना असल्या की रशियन बोलणाऱ्यांनी त्यातला फरक थोडा लवकर ओळखला. 'थोडा' म्हणजे सेकंदाच्या छोट्या अंशाने. शब्दामुळे निळ्याचा पांढरा होत नाही.

वाद दिसण्याचा की नावाचा, हे ठरवायचं तर नावं बाजूला ठेवा. छटांचा तक्ता समोर घ्या आणि दोघांनी एकमेकांना न दाखवता फोटोशी जुळणारी छटा निवडा. एकच निवडली तर भांडण शब्दाचं.

१५. ड्रेसनंतर असे आणखी फोटो आले का?

आले. २०१७ मध्ये एका बुटाचा फोटो गाजला. काहींना तो करडा आणि हिरवट-निळा दिसला, काहींना गुलाबी-पांढरा. बूट गुलाबी-पांढरा होता.

माझ्या मते त्याहून मोलाचं काम वॉलिश आणि त्यांचे सहकारी मायकल कार्लोविच यांचं. त्यांनी असा फोटो मुद्दाम घडवला. गुलाबी क्रॉक्स (रबरी चपला) हिरव्या उजेडात ठेवले तेव्हा ते करडे दिसू लागले. मग पायात पांढरे मोजे घातले. मोजे अर्थातच हिरवट दिसले. आता मोजे पांढरेच असणार असं ज्याच्या मेंदूने धरलं, त्याने हिरवा उजेड वजा केला आणि त्याला क्रॉक्स गुलाबी दिसले. ज्याने मोजे हिरवे मानले, त्याला क्रॉक्स करडेच दिसले. आधीचे फोटो नशिबाने मिळाले होते. इथे मतभेद कसा होईल हे आधी सांगून तो प्रत्यक्ष करून दाखवला गेला.

१६. स्ट्रॉबेरीच्या एका फोटोत लाल रंग नाहीच म्हणतात, तरी सगळ्यांना लाल दिसतो. हे वेगळं कसं?

इथे मतभेद नाही. सगळ्यांचा अंदाज एकाच दिशेने जातो. जपानी मानसशास्त्रज्ञ अकियोशी किताओका यांचं ते चित्र. सगळ्या फोटोवर हिरवट-निळी झाक आहे आणि स्ट्रॉबेरीचे पिक्सेल करडे किंवा किंचित निळसर आहेत. मेंदू ती झाक वजा करतो आणि करड्यातून लाल उरतो. उजेडाचे पुरावे स्पष्ट असल्याने सगळ्यांचं गणित एकसारखं सुटतं.

एडवर्ड एडेलसन यांचा १९९५ चा सावलीतला बुद्धिबळाचा पट याच जातीचा. सावलीतला 'पांढरा' आणि बाहेरचा 'काळा' चौकोन मोजले तर अगदी सारखे करडे निघतात. कळलं तरी ते दिसणं बदलत नाही.

आणि एक अपवाद. कृष्णधवल फोटोवर फक्त रंगीत रेघांची जाळी टाकली, तरी दुरून सगळा फोटो रंगीत वाटतो. ओइविंद कोलास यांनी २०१९ मध्ये दाखवलेला हा प्रकार. इथे उजेड वजा करण्याचा संबंध नाही. रंग पाहण्याची आपली क्षमता बारीक तपशिलात कमी पडते, त्यामुळे रेघांचा रंग आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो.

१७. फोटो पाठवून बाळाला कावीळ आहे का, जखम लाल झाली आहे का, असं विचारलं तर चालेल का?

कृपा करून फोटोवर भरवसा ठेवू नका. या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. कॅमेरा त्वचेचा पिवळेपणा 'सुधारून' टाकू शकतो, पिवळा दिवा नसलेला पिवळेपणा आणू शकतो, आणि समोरच्याची स्क्रीन त्यात आणखी भर घालते. बघणाऱ्याचा मेंदू वर आपला अंदाज चालवतो. नवजात बाळ पिवळं वाटत असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या. तिथे कावीळ रक्त तपासून किंवा त्वचेवर उपकरण ठेवून मोजतात. डॉक्टरांनीच फोटो मागितला असेल तर तो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा.

१८. वाद होणार नाही असा फोटो कसा काढावा?

उजेड एकाच प्रकारचा ठेवा. खिडकीचा वापरायचा तर खोलीतले दिवे बंद करा. उजेड वस्तूच्या मागून येऊ देऊ नका. चौकटीत एक पांढरी किंवा करडी ओळखीची वस्तू येऊ द्या. कॅमेऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही त्यामुळे पुरावा मिळतो. शक्य असेल तर हातही येऊ द्या. त्वचेचा रंग आपण फार बारकाईने वाचतो.

१९. माझ्या एका डोळ्याने रंग थोडे पिवळट, दुसऱ्याने थोडे निळसर दिसतात. काळजी करू का?

अगदी किंचित फरक आणि तो पूर्वीपासून असेल, तर पुष्कळांना असतो. बहुतेकांनी आळीपाळीने डोळा मिटून कधी पाहिलेलं नसतं. पण फरक नवा असेल, एका डोळ्याला लाल रंग विटका दिसू लागला असेल, डोळा हलवताना दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याच्या शिरेला सूज आली तर अशी लक्षणं दिसतात.

काही औषधांनीही रंग बदलतात. हृदयविकारावरच्या डिजॉक्सिनचं शरीरातलं प्रमाण जास्त झालं, तर सगळं पिवळसर दिसू शकतं. औषध मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगा.

२०. आपण दोघं एकाच गोष्टीला लाल म्हणतो. पण माझा लाल आणि तुमचा लाल आतून एकच आहे, हे कसं कळणार?

हा प्रश्न इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकातच मांडला होता, आणि कोणत्याही चाचणीने तो अजून सुटलेला नाही. इशिहारा चाचणी दोन रंगांतला फरक कळतो का एवढंच तपासते. ते रंग आतून कसे वाटतात हे ती विचारूच शकत नाही. ड्रेसचा वाद याहून सोपा आहे. तिथे दोघांचा अनुभव बाहेरून पकडता येतो, कारण दोघं छटांच्या तक्त्यावर वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात.

२१. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत गाडीचा रंग ओळखता येत नाही. फोटो दुरुस्त करून खरा रंग काढता येईल का?

दिवा कमी दाबाचा सोडियमचा असेल, तर नाही. त्याचा प्रकाश जवळजवळ सगळा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. निळ्या गाडीवर निळा प्रकाश पडलाच नाही, तर ती निळा परत काय पाठवणार? तिथे सगळ्या वस्तू पिवळ्या-काळ्याच्या छटांत उरतात, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाही तसंच दिसतं. रंगस्थैर्य इथे हात टेकतं, कारण वजा करून मागे उरावं असं काहीच नसतं. अशा दिव्याखाली पाहिलेल्या गाडीचा रंग साक्षीदाराने चुकीचा सांगितला तर त्याच्या हेतूवर शंका घेऊ नये. उजेडात पांढऱ्या एलईडीचा किंवा गाडीच्या हेडलाइटचा थोडा जरी भाग मिसळलेला असेल, तर मात्र फोटोतून काही ना काही हाती लागू शकतं.